पान त्र्याऐंशी

करारनाम्याची पानं एकशे बेचाळीस.
आमचं वाक्य पान त्र्याऐंशीवर, खालून तिसरं:
‘किलकॅरा रुग्णालयाचा रात्रीचा विभाग
सुरू ठेवण्याबाबत सकारात्मक विचार केला जाईल.’
‘सुरू राहील’ हे शब्द पहाटे चारपर्यंत होते.
चार वाजता कुणीतरी सँडविच मागवले,
ते संपेपर्यंत
‘विचार’ आत येऊन ऐसपैस बसला होता.

आम्ही सात. ते एक्क्याऐंशी.
मतमोजणीच्या रात्री फिनूला माझ्या कानाशी ओरडली,
‘नुआला, काटा हलवणारं वजन आपलं आहे!’
होतंच.
तराजू त्यांचा होता, दुकानही त्यांचं,
आणि सोमवारपासून गिऱ्हाइकं
भांडायला आमच्या दारात.

डब्लिनमध्ये मंत्रिमंडळ मंगळवारी बसतं.
माझी खुर्ची हीटरशेजारी,
डावा हात भाजतो, उजवा गार.
अर्थमंत्री कॉर्मॅक टायनन माझ्याकडे बघून हसतात,
लग्नात दूरच्या आतेबहिणीकडे बघून हसावं तसं,
नाव आठवत नसताना.
कागद आदल्या रात्री अकराला येतात.
वाचून झाले का, असं सकाळी नऊला विचारतात,
आणि आवाजात खरंच काळजी असते.

शाळेतल्या गरम जेवणाची योजना आमची.
फिनूलाने तीन वर्षं आकडे जुळवले
स्वयंपाकघरात, मुलाच्या गणिताच्या वहीत,
मागच्या बाजूने.
घोषणेच्या दिवशी पंतप्रधानांनी स्वतः सूप वाढलं.
छायाचित्रात माझं कोपर आलंय.
आईने ते कात्रण जपून ठेवलं;
‘कोट ओळखला मी,’ म्हणाली.

ऑक्टोबरात रात्रीचा विभाग बंद झाला.
निवेदन वाचायला माझी निवड एकमताने.
‘तुमचाच मतदारसंघ, तुमचं ऐकतील लोक.’
ऐकलं.
फाटकापाशी तीनशे माणसं उभी होती,
कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पक्षाची बैठक पबच्या वरच्या खोलीत,
खाली कुणीतरी बेसूर बाजा वाजवत होतं.
टाइग तेवीस वर्षांचा, उभा राहून बोलला:
‘आत कशाला गेलो होतो आपण? बाहेर पडा.’
अट्रॅक्टाबाई चाळीस वर्षं पत्रकं वाटतायत,
त्या विणता विणता म्हणाल्या,
‘बाहेर पडून बघितलंय आम्ही. बाहेर गारठा असतो फक्त.’
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांबू.
जूनमध्येही असंच म्हटलं होतं,
तेव्हा डिसेंबर लांब होता.

मग प्रचार आला, भुरभुर आली, दारं आली.
पॅकी मलहर्नने आत बोलावलं.
नात शाळेत आता गरम जेवते, तो सांगत होता,
वाटाणे खाते, घरी कधी खाल्ले नाहीत तिने.
‘भलं होवो त्या टायननचं.’
मी गप्प. टाइगने माझ्याकडे पाहिलं,
तरी मी गप्प.
त्याच सुरात, किटली विस्तवावर ठेवत, पॅकी म्हणाला,
‘ब्रिजीला त्या रात्री स्लायगोला नेत होते.
अठ्ठावन्न किलोमीटर.
चाळिसाव्याला ड्रायव्हरने भोंगा बंद केला.’
एवढंच.

त्याने माझं पत्रक घेतलं,
वाचलं नाही.
दोनदा घडी घातली, मग तिसऱ्यांदा,
वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं,
हाताने टेबल दाबून पाहिलं.
डुगडुगत नव्हतं आता.
माझा छापील चेहरा लाकडाखाली, अर्धा.

‘साखर किती?’ त्याने विचारलं.
‘विचार करून सांगते’ असं
जिभेवर आलं होतं.
‘दोन,’ मी म्हटलं.
त्याने एकच घातली.